पासवर्ड बरोबर, तरी मोबाइलवर वेबमेल उघडेना: अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला हा मध्यम आकाराचा कारखाना टेरी टॉवेल आणि नॅपकिन विणतो. बहुतेक माल परदेशी जातो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तांत्रिक घटनाक्रम तसाच ठेवला आहे.

कंपनीच्या नावाचे डोमेन आहे. वेबसाइट आणि ईमेल दोन्ही एकाच शेअर्ड होस्टिंगवर (अनेक ग्राहकांच्या सामायिक सर्व्हरवर), सीपॅनेल हे व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर असलेल्या सर्व्हरवर चालतात. मेलबॉक्स अकरा, प्रत्येकाला १ जीबी जागा. निर्यातीचा सगळा पत्रव्यवहार 'एक्स्पोर्ट' नावाच्या एकाच मेलबॉक्सवर येतो आणि तो पाच जण वापरतात: मालक, त्यांचे धाकटे बंधू, दोन मर्चंडायझर (खरेदीदारांच्या ऑर्डरी सांभाळणारे) आणि डॉक्युमेंटेशन बघणाऱ्या मॅडम. पाचही जणांचा पासवर्ड एकच.

फोनवर मेल बघायची पद्धत अशी होती: क्रोममध्ये वेबमेलचे पान उघडायचे, लॉगिन करायचे, राउंडक्यूब या वेबमेल प्रोग्राममध्ये मेल वाचायची. राउंडक्यूबच्या १.४ आवृत्तीपासून (२०१९) त्याचे पान मोबाइलच्या पडद्यात नीट बसते, त्यामुळे वेगळे ॲप कुणी मागितले नव्हते. अपवाद धाकट्या मालकांचा. त्यांच्या आयफोनमध्ये मेल ॲपवर खाते जोडलेले होते. डॉक्युमेंटेशनच्या डेस्कटॉपवर आउटलुक होते, तेही पीओपी या जुन्या पद्धतीवर. या पीओपीकडे पुढे यावे लागेल.

कारखान्यात इंटरनेटच्या दोन लाइन आहेत. एक फायबर लाइन ऑफिसच्या संगणकांना केबलने जोडलेली. दुसरी स्थानिक ब्रॉडबँडची स्वस्त लाइन, जिच्यावर ऑफिस आणि पॅकिंग विभागाचे वाय-फाय चालते. फोन सगळे या दुसऱ्या लाइनवर. पत्र्याच्या शेडमध्ये मोबाइलचा सिग्नल धरत नाही, म्हणून पॅकिंगमधल्या माणसाला वाय-फायशिवाय इलाज नसतो.

अडचण

एक मर्चंडायझर नोकरी सोडून गेले. शनिवारी संध्याकाळी 'एक्स्पोर्ट'चा पासवर्ड बदलला. हे करायलाच हवे होते. नवा पासवर्ड व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

सोमवारी साडेदहाच्या सुमारास फोनवर मेल बंद पडली. आधी लॉगिनच्या पानावर 'लॉगिन इनव्हॅलिड' असा संदेश आला. थोड्या वेळाने तर पानच उघडेना; नुसते फिरत राहायचे आणि शेवटी 'साइट कॅनॉट बी रीच्ड' यायचे. डेस्कटॉपवर मात्र सगळे सुरळीत. त्यामुळे सगळ्यांनी हा 'मोबाइलचा प्रॉब्लेम' ठरवला. नवीन मर्चंडायझर वैतागून सांगत होते, "सर, पासवर्ड बरोबर टाकायलोय, तरी घेईना."

ते खरेच बरोबर टाकत होते.

त्या आठवड्यात एक कंटेनर न्हावा शेवाला निघायचा होता. शिपिंग बिलाची (निर्यातीच्या कस्टम कागदाची) चेकलिस्ट सीएचएकडून, म्हणजे कस्टमचे काम बघणाऱ्या एजंटकडून, मेलवर येते, ती तपासून मंजुरी परत मेलवरच द्यावी लागते. डॉक्युमेंटेशनच्या मॅडम त्या दोन दिवस रजेवर होत्या आणि फोनवरूनच काम बघणार होत्या. त्यांच्या फोनमध्ये मेल अधूनमधून दिसायची, पण इनबॉक्समधल्या जुन्या मेल गायब होत्या. हा दुसरा प्रश्न होता, वेगळ्या कारणाचा. तेव्हा मात्र दोन्ही एकच समजले गेले आणि गुंता वाढला.

पहिल्या आठवड्यात काय केले गेले

मंगळवारी पासवर्ड पुन्हा बदलला. 'इनव्हॅलिड' म्हणतोय म्हणजे पासवर्डमध्येच काहीतरी गडबड असणार, असा तर्क. बुधवारी तिसऱ्यांदा बदलला. प्रत्येक वेळी वीस-पंचवीस मिनिटे मेल चालायची आणि परत बंद. क्रोमचा कॅशे साफ झाला, दोन फोन रीस्टार्ट झाले, एका फोनमध्ये दुसरा ब्राउझर टाकून पाहिला.

बुधवारीच कुणाच्या तरी लक्षात आले की वाय-फायचा राउटर बंद करून चालू केला की मेल लगेच सुरू होते. अर्ध्या तासाने पुन्हा थांबते. यावरून राउटर खराब आहे असा निष्कर्ष निघाला आणि गुरुवारी नवा राउटर आणून बसवला. नव्या राउटरवरही तेच.

होस्टिंगच्या सपोर्टला तिकीट टाकले. 'तुमचा आयपी ब्लॉक झाला होता, काढला आहे' असे उत्तर आले. आयपी म्हणजे इंटरनेटवर त्या लाइनचा दिसणारा पत्ता. मेल सुरू झाली, तासाभरात परत बंद. दुसरे तिकीट, तेच उत्तर. ब्लॉक कशामुळे होतोय हे सपोर्टने सांगितले नाही आणि कारखान्यानेही विचारले नाही. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातली सर्वांत महागडी चूक हीच. उत्तर दोन ओळींच्या एका प्रश्नावर अडून होते.

चेकलिस्टची मंजुरी एक दिवस उशिरा गेली. गेट-इनची, म्हणजे कंटेनर बंदरात आत घेण्याची, वेळ टळली आणि कंटेनर पुढच्या जहाजाने गेला.

तपास

शुक्रवारी हे काम बाहेरच्या एका तंत्रज्ञाकडे आले. त्याने पहिल्यांदा एक साधी चाचणी केली: एकच फोन, एकच पासवर्ड, तेच पान, आधी वाय-फायवर, मग वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर. वाय-फायवर पान उघडेना. मोबाइल डेटावर पहिल्या झटक्यात लॉगिन झाले. म्हणजे पासवर्ड, फोन, ब्राउझर आणि मेलबॉक्स चौघेही निर्दोष. दोष होता त्या लाइनच्या सार्वजनिक आयपीवर, जो सर्व्हरने अडवला होता.

मेल सर्व्हर असे का करतो हे कळले की पुढचे सगळे उलगडते. कुणी चुकीचा पासवर्ड वारंवार टाकू लागले, तर कोणीतरी पासवर्ड अंदाजाने शोधतोय असे सर्व्हर मानतो आणि तो प्रयत्न ज्या आयपीवरून येतो तो काही काळ अडवतो. काही सर्व्हर आधी लॉगिन नाकारतात. तेव्हा बरोबर पासवर्डलाही 'इनव्हॅलिड' हेच उत्तर मिळते. प्रयत्न चालूच राहिले तर फायरवॉल त्या आयपीचे दारच लावते आणि पान उघडतही नाही. सोमवारचे दोन वेगवेगळे संदेश हे एकाच गोष्टीचे दोन टप्पे होते.

एका वाय-फायवरचे सगळे फोन बाहेर एकाच आयपीने दिसतात. एका फोनने चुकीचा पासवर्ड धाडला की शिक्षा सगळ्यांना. डेस्कटॉप दुसऱ्या लाइनवर असल्याने त्यांना झळ लागली नाही. राउटर रीस्टार्टचे कोडेही इथेच सुटते. त्या ब्रॉडबँडचा आयपी स्थिर नाही, राउटर चालू-बंद केला की नवा मिळतो. नव्या आयपीवर ब्लॉक नसतो. मग तोच दोषी फोन नव्या आयपीवरूनही चुकीचा पासवर्ड धाडतो आणि तोही अडवला जातो. फोनवर गूगलमध्ये 'माय आयपी' शोधून राउटर रीस्टार्टच्या आधीचा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवला असता, तर राउटरचे पैसे वाचले असते.

आणि पासवर्ड बदलणे? तो उपाय नव्हताच. पहिल्या बदलानंतर जुना पासवर्ड धरून बसलेले उपकरण एक होते. तिसऱ्या बदलानंतर चार झाले. दोन फोनमध्ये क्रोमने साठवलेला जुना पासवर्ड आपोआप भरला जात होता आणि माणूस न बघता लॉगिन दाबत होता. आयफोन दर थोड्या वेळाने सर्व्हरशी बोलायला जात होता. आणि एक उपकरण कुठले ते कळत नव्हते.

सपोर्टला तिसरे तिकीट गेले. यावेळी नेमके विचारले: ब्लॉक होण्याआधीचे अयशस्वी लॉगिन कोणत्या खात्यावर, कोणत्या आयपीवरून, किती वाजता आणि कोणत्या मार्गाने, म्हणजे वेबमेल, आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून ॲपमध्ये दाखवणारी पद्धत), पीओपी की एसएमटीपी (मेल पाठवण्याची पद्धत)? उत्तर दुपारपर्यंत आले. खाते 'एक्स्पोर्ट', आयपी कारखान्याचाच, मार्ग आयमॅप, वेळ सकाळी साडेनऊपासून साधारण दर पंधरा मिनिटांनी, संध्याकाळी सातनंतर काही नाही.

या उत्तरातून दोन गोष्टी लगेच कळल्या. आयपी आपलाच आहे, म्हणजे बाहेरचा हल्ला नाही. आणि मार्ग आयमॅप आहे, म्हणजे ब्राउझर नव्हे, कुठले तरी मेल ॲप आहे. धाकटे मालक तर दुपारी बारानंतर येतात. साडेनऊला कारखान्यात येणारे, सातला बंद होणारे आणि मेल ॲप असलेले दुसरे उपकरण कोणते, ते कुणालाच सांगता येईना.

राउटरच्या यादीत जोडलेली सतरा उपकरणे दिसत होती, पण नावावरून काही उमगेना. अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक वाय-फायला आपला खरा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख-क्रमांक) न देता एक बनावट पत्ता देतात. त्यामुळे 'हा कुणाचा फोन' हे राउटरच्या यादीतून ठरवणे अवघड झाले आहे.

तोललेले पर्याय

शुक्रवारी संध्याकाळी टेबलावर पाच वाटा होत्या.

आयपी कायमचा सूट-यादीत टाकून घेणे हा सर्वांत झटपट दिसणारा उपाय. सपोर्ट तयारही होते. पण आयपी बदलता, म्हणजे आधी स्थिर आयपी विकत घ्यावा लागणार. शिवाय उद्या याच वाय-फायवरून कुणी खरोखर पासवर्ड शोधू लागले तर सर्व्हर गप्प बसणार. धोक्याची घंटा वाजतेय म्हणून घंटाच काढून टाकायची, असा तो प्रकार झाला असता.

सगळ्या मेल एका खासगी जीमेलवर फॉरवर्ड करणे हे धाकट्या मालकांनी सुचवले. फोनवर जीमेल सगळ्यांना येते, हा त्यातला मुद्दा खरा. तोटे मात्र गंभीर. उत्तर खासगी पत्त्यावरून जाते आणि खरेदीदाराला ते संशयास्पद वाटते. निर्यातदाराच्या नावाने वेगळ्याच पत्त्यावरून 'बँक खाते बदलले आहे' अशी मेल धाडून पैसे वळवण्याची फसवणूक सर्रास चालते, म्हणून सावध खरेदीदार अशा पत्त्याला उत्तरच देत नाहीत. फॉरवर्ड झालेली मेल मूळ पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून आलेली दिसत नसल्याने एसपीएफ तपासणीत (मेल त्या डोमेनने परवानगी दिलेल्या सर्व्हरवरून आली का, हे बघणाऱ्या) नापास होऊन स्पॅममध्ये पडू शकते. आणि माणूस नोकरी सोडून गेला की कंपनीचा पत्रव्यवहार त्याच्या खिशात जातो. हा पर्याय निकालात काढला, ते योग्यच झाले.

तिसरी वाट, सगळी मेल गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ वर नेणे. लांबचा विचार केला तर बरोबर. पण दर माणशी दर महिना खर्च, एमएक्स नोंदी (डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरवर जाते ते सांगणाऱ्या) बदलणे, जुनी मेल हलवणे हे सगळे माल निघायच्या आठवड्यात करणे धोक्याचे होते. शिवाय जुना पासवर्ड धरून बसलेला फोन तिथेही तसाच राहिला असता. निर्णय तीन महिन्यांनी घ्यायचा ठरला.

फोनवर फक्त मोबाइल डेटा वापरणे ही चौथी वाट तात्पुरती म्हणून त्याच दिवशी लागू केली. ऑफिसमधल्यांचे भागले. पॅकिंगमधल्यांना शेडबाहेर यावे लागत होते.

पाचवी वाट, दोषी उपकरण शोधून काढणे. वेळ किती लागेल ते माहीत नव्हते, पण मुळावर घाव घालणारी वाट ही एकच होती.

केलेली कृती

पहिला आदेश: मेलचा पासवर्ड आता कुणीही बदलायचा नाही.

दुसरी कृती या प्रकरणातली सर्वांत चांगली म्हणावी लागेल. मेलचा पासवर्ड न बदलता वाय-फायचा पासवर्ड बदलला. एका मिनिटात सतराच्या सतरा उपकरणे वाय-फायवरून तुटली. मग ज्याला वाय-फाय हवे त्याने फोन घेऊन यायचे; त्यातली मेल खाती तपासायची, क्रोममधले साठवलेले पासवर्ड बघायचे, वहीत नोंद करायची आणि मगच नवा वाय-फाय पासवर्ड टाकून द्यायचा.

शनिवारी सकाळी अकरापर्यंत चौदा फोन होऊन गेले. त्यातल्या दोन क्रोममध्ये जुना पासवर्ड निघाला. आयमॅपवाला एकही नाही. साडेअकराला पॅकिंगचे सुपरवायझर, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ऑफिसात आले: "मॅडम, कार्टनचे फोटो जाईना झालेत." हातात एक जुना अँड्रॉइड फोन, पडद्यावर आडवा तडा, मागे चिकटपट्टी. हा फोन कुणाचाच नव्हता. पॅकिंगच्या टेबलावर चार्जरला लावून ठेवलेला असायचा आणि कार्टनवरच्या शिपिंग मार्कचे, लोड झालेल्या कंटेनरचे आणि सीलचे फोटो काढायला वापरला जायचा. साडेनऊला पॅकिंग उघडले की चालू, सातला बंद. दीड-दोन वर्षांपूर्वी कुणीतरी फोटो थेट मेल करता यावेत म्हणून त्याच्या जीमेल ॲपमध्ये 'एक्स्पोर्ट' खाते आयमॅपने जोडून दिले होते. आता फोटो व्हॉट्सॲपने जात, त्यामुळे ते खाते सगळेच विसरले होते. पडदा खाली ओढल्यावर साइन-इन करा म्हणणाऱ्या सूचनांचा ढीग दिसला. अण्णांना वाटायचे ती जाहिरात आहे, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही; त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

खाते काढायची रीत: जीमेल ॲपमध्ये वर उजवीकडे गोल चित्रावर टिचकी, तिथून या उपकरणावरील खाती व्यवस्थापित करण्याचा पर्याय, मग ते खाते निवडून 'रिमूव्ह अकाउंट'. नुसते सिंक बंद करून थांबू नये, खातेच काढावे. उद्या कुणी सिंक परत चालू केले की तोच प्रश्न उभा राहतो.

क्रोममधला जुना पासवर्ड घालवायला उजवीकडचे तीन ठिपके, सेटिंग्ज, गूगल पासवर्ड मॅनेजर आणि तिथे वेबमेलच्या पत्त्याची जुनी नोंद खोडणे. एकाच साइटच्या दोन-तीन नोंदी असू शकतात, एक पोर्ट क्रमांकासह (पत्त्यातल्या दोन टिंबांनंतरचा आकडा) आणि एक त्याशिवाय. सगळ्या बघाव्या.

आयफोनमध्ये एक खाच आहे आणि तिथे भलेभले अडकतात. सेटिंग्जमधून मेलच्या खात्यात जाऊन पासवर्ड बदलला तरी तो येणाऱ्या मेलचा बदलतो. जाणाऱ्या मेलचा, म्हणजे एसएमटीपी सर्व्हरचा पासवर्ड आत वेगळ्या पानावर असतो आणि तो जुनाच राहू शकतो. मग मेल येते, पण पाठवायला गेले की अडते, आणि तो प्रत्येक प्रयत्न सर्व्हरच्या हिशेबात चुकीचा लॉगिन म्हणून जमा होतो. खात्यातल्या एसएमटीपीवर जाऊन, प्रायमरी सर्व्हर उघडून तिथेही नवा पासवर्ड टाकला. पोर्ट तपासले: आयमॅप ९९३, एसएमटीपी ४६५, दोन्हींवर एसएसएल (सुरक्षित जोडणी) चालू.

यानंतरच सपोर्टला ब्लॉक काढायला सांगितले. क्रम महत्त्वाचा आहे. आधी काढून उपयोग नव्हता, हे दोन तिकिटांनी दाखवले होतेच.

त्याच दिवशी सीपॅनेलमध्ये आणि राउंडक्यूबच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डर आणि फिल्टर उघडून पाहिले. कारण आपल्याच फोनचे असले तरी पासवर्ड तीनदा व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला होता आणि सोडून गेलेले मर्चंडायझर त्या ग्रुपमध्ये मंगळवारपर्यंत होते. मेलबॉक्समध्ये शिरलेला भामटा सहसा एक गुपचूप फॉरवर्ड नियम लावून जातो, पासवर्ड बदलला तरी तो चालूच राहतो. इथे तसे काही सापडले नाही. सापडले असते आणि पैशाचा व्यवहार फसला असता, तर पहिला फोन बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला.

गायब मेलचा प्रश्न

आता डॉक्युमेंटेशनच्या मॅडमना फोनवर जुन्या मेल का दिसत नव्हत्या त्याकडे. ऑफिसच्या आउटलुकमध्ये खाते पीओपीवर होते. पीओपी मेल सर्व्हरवरून उतरवून संगणकावर आणते. आउटलुकच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये सर्व्हरवर प्रत राहते, पण १४ दिवसांनी पुसली जाते. फोनवरचे वेबमेल सर्व्हरवर जे आहे तेवढेच दाखवणार. त्यामुळे दोन आठवड्यांपलीकडची मेल फोनवर दिसणे शक्यच नव्हते. आउटलुकमधून पाठवलेली मेलही फोनच्या सेंटमध्ये दिसत नव्हती, कारण पीओपीत पाठवलेली मेल त्या संगणकातच राहते.

आउटलुकमध्ये पीओपी खात्याचे आयमॅप करता येत नाही, नवीन खाते म्हणूनच जोडावे लागते. इथे घाईने जुने खाते काढले तर नुकसान होऊ शकते, म्हणून क्रम असा ठेवला. आधी जुन्या खात्यातली १४ दिवसांनी पुसण्याची खूण काढली. मग पीएसटी फाइलची (आउटलुक संगणकावर मेल साठवते ती) प्रत दोन वेगळ्या डिस्कवर घेतली. ती ६ जीबीच्या आसपास होती. होस्टिंगकडून 'एक्स्पोर्ट'ची जागा १ जीबीवरून ५ जीबी करून घेतली. मग आयमॅप खाते जोडले आणि चालू आर्थिक वर्षाच्याच मेल जुन्या फोल्डरमधून ओढून नव्यात टाकल्या. बाकी पीएसटीमध्येच राहू दिल्या. सगळे वर चढवायचा मोह झाला होता, पण मेलबॉक्स भरला की नवी मेल परत जाते, आणि खरेदीदाराला 'मेलबॉक्स फुल' असे उत्तर जाणे निर्यातदाराला परवडत नाही.

सामायिक मेलबॉक्सचे काय केले

पाच जणांचा एकच पासवर्ड, हे या साऱ्याचे मूळ. प्रत्येकाला स्वतःचा मेलबॉक्स दिला. 'एक्स्पोर्ट'वर येणाऱ्या मेलची प्रत सीपॅनेलच्या फॉरवर्डरने त्याच डोमेनमधल्या संबंधित माणसांना जाते. 'एक्स्पोर्ट'चा मूळ पासवर्ड फक्त मालक आणि डॉक्युमेंटेशन, दोघांकडे. बाकीच्यांना 'एक्स्पोर्ट'च्या नावाने उत्तर देता यावे म्हणून राउंडक्यूबमध्ये सेटिंग्ज, आयडेंटिटीज इथे तो पत्ता जोडला. सर्व्हर एकाच डोमेनमध्ये तशी परवानगी देतो की नाही ते आधी सपोर्टकडून पक्के केले. यात एक गैरसोय राहिली: कुणी काय उत्तर दिले ते बाकीच्यांना आपोआप दिसत नाही. म्हणून उत्तर देताना 'एक्स्पोर्ट'ला सीसी ठेवायचा नियम केला. तो पाळला जायला दोन आठवडे लागले.

फोनवरच्या वेबमेलच्या तीन बारीक तक्रारीही याच वेळी निकाली काढल्या. बुकमार्कमध्ये २०९६ पोर्टचा पत्ता होता. काही हॉटेलांचे आणि ऑफिसांचे वाय-फाय हे पोर्ट अडवते. डोमेनच्या आधी 'वेबमेल' लावलेला पत्ता नेहमीच्या ४४३ पोर्टवरून चालतो, तो क्रोमच्या तीन ठिपक्यांतून होम स्क्रीनवर टाकून दिला.

दुसरी तक्रार अर्धवट लिहिलेली मेल उडून जाण्याची. मेल लिहिता लिहिता माणूस दर बघायला व्हॉट्सॲपवर जातो, फोन मागचा टॅब झोपवतो, सर्व्हरशी संपर्क तुटतो आणि सत्र संपते. राउंडक्यूबच्या मूळ सेटिंगमध्ये ही मुदत १० मिनिटांची असते. परत आल्यावर समोर लॉगिनचे पान. सेटिंग्जमध्ये मसुदा आपोआप जतन करण्याचा काळ १ मिनिटावर आणला. लांब मजकूर नोट्समध्ये लिहून चिकटवायची सवय त्याहून बरी.

तिसरी, फोटो जात नाहीत. सर्व्हरची मर्यादा २५ एमबी दिसते, पण जोडलेली फाइल मेलमध्ये जाताना सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणून प्रत्यक्षात १८ एमबीच्या आतच राहावे. आजच्या फोनचा एक फोटो ४-५ एमबीचा असतो. चार फोटो झाले की मर्यादा संपली. कार्टनचे फोटो आता ऑफिसात लहान करून डेस्कटॉपवरून जातात.

परिणाम

शनिवारी दुपारनंतर वाय-फायच्या आयपीवर ब्लॉक आला नाही. पुढच्या तीन महिन्यांत एकदाच मेल बंद पडली आणि तेव्हा चित्र वेगळे होते: वाय-फाय, मोबाइल डेटा, फायबर लाइन, कुठूनच धाकट्या मालकांच्या खात्यात शिरता येईना, बाकी खाती ठीक. आयपी अडवला असता तर एका लाइनवरचे सगळे बंद पडले असते. इथे खातेच अडवले गेले होते. वही काढली, त्यांच्या नावापुढच्या उपकरणांची विचारणा झाली आणि जुळे सोलापूर भागातल्या घरी मुलांकडे असलेला एक टॅब्लेट निघाला, ज्यात जुना पासवर्ड होता. तो टॅब्लेट वहीत नव्हता. शोधायला पाऊण तास लागला, आठवडा नाही.

वर्कस्पेस घ्यायचे की नाही, यावर निर्णय झाला: तूर्त नाही. मालकांचे म्हणणे, आता मेल चालतेय. हे मला पटत नाही. या शेअर्ड होस्टिंगवर दोन टप्प्यांचे लॉगिन नाही, आणि ज्या मेलबॉक्समधून परदेशी खरेदीदारांची बिले जातात तिथे ते असायला हवे. चर्चा चालू आहे.

काय वेगळे करता आले असते

सोमवारी साडेदहाला वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर एकदा लॉगिन करून पाहिले असते तर तीस सेकंदांत अर्धा तपास झाला असता. दोन्हींवर अडले तर खाते, पासवर्ड किंवा सर्व्हर बघा. फक्त वाय-फायवर अडले तर आयपी बघा. फक्त एकाच फोनवर अडले तर त्या फोनची तारीख-वेळ आणि साठवलेला पासवर्ड बघा. तारीख चुकली की सुरक्षा प्रमाणपत्र अवैध दिसते आणि पान उघडत नाही.

सपोर्टला 'ब्लॉक काढा' एवढेच न लिहिता 'कोणत्या खात्यामुळे, कोणत्या आयपीवरून, कोणत्या मार्गाने, किती वाजता' हे पहिल्याच तिकिटात विचारायला हवे होते. ही माहिती त्यांच्याकडे असते आणि नेमके विचारले की मिळते.

पासवर्ड बदलायच्या आधी तो कुठे कुठे भरलेला आहे याची यादी हवी. माणसांची नव्हे, उपकरणांची. कारखान्यात कुणाच्याच नावावर नसलेली उपकरणे असतात: पॅकिंगचा फोन, गेटवरचा टॅब, स्कॅन करून थेट मेल करणारा झेरॉक्सचा मोठा प्रिंटर. या प्रिंटरमध्येही एसएमटीपीचा पासवर्ड असतो आणि पासवर्ड बदलला की तोही निमूटपणे अडतो. या कारखान्यात असा प्रिंटर फायबर लाइनवर आहे. त्यात 'एक्स्पोर्ट'ऐवजी दुसरे खाते भरलेले होते, म्हणूनच त्या आठवड्यात ती लाइन अडवली गेली नाही आणि डेस्कटॉप चालू राहिले. त्या खात्याचा पासवर्ड बदलायची वेळ येईल तेव्हा प्रिंटरकडे आधी जायचे, अशी नोंद वहीच्या पहिल्या पानावर केली आहे.